दहा ठिपके

चंद्रीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसले आणि सारजाबाईंच्या हातातली कडब्याची पेंढी गळून पडली. घोडीच्या सडांवर मेण धरलं की एकदोन दिवसांत ती विते, हे मार्गासनीच्या वरच्या त्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. आणि चंद्रीला तर अजून तीन आठवडे अवकाश होता. घोडीचे अकरा महिने पुरे भरावे लागतात. कच्चं आलेलं शिंगरू पायावर उभं राहत नाही.

"हिनंच केलं," सारजाबाई म्हणाल्या.

हिनं म्हणजे सुनेनं. आठ दिवसांमागं मुलगा गोरख कामासाठी भोरला गेला होता आणि घरात पीठ संपलं होतं. रत्नानं गिरणीवरून दळणाचं पोतं चंद्रीच्या पाठीवर टाकलं आणि चढ चढून आणलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. भाकरी सगळ्यांनी खाल्ली. आता मात्र रत्ना गोठ्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती आणि आपण एक जीव मारला, असं तिला खरंच वाटत होतं.

वाडीला रस्ता नाही. म्हशींचं दूध खाली मार्गासनीला जायचं ते चंद्रीच्या पाठीवरून. ती थकत चालली होती. मागच्या खेपेला तिचं शिंगरू मेलेलंच जन्मलं होतं. हे गेलं की संपलं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

सारजाबाईंना ओझ्याची धास्ती होती, ती उगाच नव्हती. गोरख आठ महिने भरताच झाला. "पोटुशी असून हंडे वाहिलेस, म्हणून पोर कच्चं आलं," असं सासू मरेपर्यंत ऐकवत राहिली. पुढे गोरख ताडमाड वाढला, दोन पोती एकटा उचलू लागला, तरी वाडी त्याला आठमाश्या म्हणते. तो हसून ओ देतो. सारजाबाई त्यावर कधीच हसल्या नाहीत.

दुपारी गोरख जनावरांच्या डॉक्टर शेफालीबाईंना घेऊन वर आला. चढानं बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. पाणीही न पिता त्यांनी चंद्रीला तपासायला घेतलं.

"कळा थांबवायचं इंजेक्शन द्या, बाई," सारजाबाईंनी हात जोडले. "तीन आठवडं निघाले की बास."

"घोडा कधी दाखवला होता?"

"गेल्या वटपुनवेला," गोरखचे वडील सोनबा म्हणाले. "शिवऱ्याहून आणला व्हता. हिशोब हितंच हाय की." त्यांनी गोठ्याची मेढ, छपराचा लाकडी खांब, दाखवली. त्यानंतरच्या प्रत्येक पुनवेला त्यांनी मेढीवर गेरूचा एक ठिपका लावला होता. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. कागद शेळी खाते. दहा ठिपके होते आणि शेवटची पुनव होऊन आठ दिवस झाले होते.

बाईंनी मोबाईल काढला, गेल्या वर्षीची वटपौर्णिमा शोधली आणि दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग मेढीजवळ जाऊन ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"तीनशे तेहतीस दिवस होतात. म्हणजे अकरा महिने. तुमचा एक ठिपका कमी आहे."

"कमी कसा असंल?" सोनबा दुखावले. "एक पुनव चुकवली न्हाई म्या."

कोपऱ्यातून रत्ना हळूच म्हणाली, "मामा, गेल्या पावसाळ्यात आमी दोघं माझ्या म्हायेरी भोंगवलीला धोंडं जेवायला गेलतो. त्या म्हयन्याचा ठिपका कुठाय?"

"धोंड्याचा?" सोनबांना तो प्रश्नच कळेना. "धोंडा कुठं धरत्यात? लगीन न्हाई, कसलं शुभकार्य न्हाई. अधिकचा म्हयना. देवाचा असतोय त्यो."

शेफालीबाई हसल्या. त्यांनी बाहेर काढलेली सुई परत पिशवीत ठेवली.

"देवाचा असेल, पण चंद्रीच्या पोटात तोही भरला. दिवस पुरे झालेत. हिला कसलंही इंजेक्शन नको. आणि ओझ्यानं काही झालेलं नाही."

रत्ना रडू लागली. गोरखनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, मग आठवण होऊन डॉक्टरांपुढं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना चंद्री व्याली. शिंगरू लांब पायांचं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं. दोनदा तोंडावर आपटलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं आणि आईच्या कासेला लागलं. सोनबांनी गेरू कालवला आणि अकरावा ठिपका लावायला वाटी रत्नाच्या हातात दिली. सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

 सारजाबाई मात्र शिंगराकडं बघत बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. एकदा मोजलं, परत पहिल्यापासून मोजलं.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गोरख पोटात व्हता, तवा तुमी माझ्या म्हायेरी धोंडं जेवाय आलता का?"

"व्हय. तेहतीस खाल्ले व्हते," सोनबा म्हणाले. महिना त्यांनी धरला नव्हता, पण धोंडे मोजून ठेवले होते.

सारजाबाई उठल्या. ठिपका लावून गेरूनं भरलेला रत्नाचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. गेरू त्यांच्याही तळव्याला लागला.

"रत्ना," त्या म्हणाल्या, "माझा गोरख पुरा भरूनच आला व्हता गं."