चार वाजेपर्यंत बंद

"आजी, बाग आता चारला उघडेल," गेटच्या आतून वॉचमन म्हणाला.

इंदुमतीबाईंनी वर पाहिलं. कमानीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं : कै. दिगंबर खांबेटे स्मृती उद्यान. काल उद्घाटनाला हारतुरे आणि भाषणांच्या गर्दीत त्यांना बकुळीखालच्या बाकावर दोन मिनिटंही टेकता आलं नव्हतं. म्हणून आज त्या मुद्दाम भर दुपारी एकट्याच आल्या होत्या.

"बाग म्हणजे काय दुकान आहे, दुपारी बंद करायला?" दिगंबरराव तावातावानं म्हणायचे. उन्हातान्हात दमलेल्या माणसानं टेकायचं कुठे, हा त्यांचा एकच धोशा. शहरातल्या प्रत्येक बागेसाठी ते भांडले. अर्ज ते तोंडी सांगायचे आणि इंदुमतीबाई आपल्या वळणदार अक्षरात लिहून घ्यायच्या. "अहो, थोडं गोड लिहूया की," असं त्या मधेच सुचवायच्या. पण ते ऐकतील तर शपथ! शेवटी सही तेवढी त्यांची.

इंदुमतीबाई गेटशेजारच्या कट्ट्यावर बसल्या आणि पिशवीतली वही त्यांनी मांडीवर घेतली. 'मा. उद्यान अधीक्षक यांस, विषय : बाग दुपारी उघडी ठेवणेबाबत.' पुढचं त्यांना आठवावंही लागलं नाही. चाळीस वर्षं ऐकलेला तो करडा आवाज भराभर सांगत गेला, आणि या खेपेला त्यांनी एक शब्दही गोड केला नाही.

खाली 'आपला विश्वासू' लिहून त्यांनी सहीपुरती जागा सोडली आणि सवयीनं वही शेजारी सरकवली.

"घ्या, करा सही."