नवी कवळी

ब्लेंडर एकदाचा थांबला. सूनबाईने घट्ट हिरवा रस चार पेल्यांत ओतला आणि पहिला पेला सासऱ्यांपुढे ठेवला.

"आज काय काय घातलंय?" आजोबांनी विचारलं.

"पालक, गाजर, उकडलेली डाळ. आणि एक केळं."

"म्हणजे भाजीवाल्याची अख्खी हातगाडीच की."

त्यांची नात चिऊ खुदकन हसली. मुलगा हसला नाही. औषध घ्यावं तसा त्याने पेला एका दमात संपवला आणि बूट घालायला गेला. सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी राहून घोट घोट घेत होती. तिचं नेहमी सगळ्यांच्या मागून संपायचं.

आजोबांचा सगळा जन्म बेकरीत गेला होता. त्यांच्या कडक सालीच्या पावासाठी माणसं सकाळी रांग लावत. म्हातारपणी त्याच पावाने दगा दिला. स्वतःच भाजलेल्या पावाचा लचका तोडताना त्यांच्या कवळीचे दोन तुकडे झाले आणि पुढच्याच आठवड्यात घरात ब्लेंडर आला. आजोबा त्याला मिक्सर म्हणत. चिऊ दर वेळी त्यांना सुधारायची.

"आता सगळ्यांनी पौष्टिक खायचं," सूनबाईने तेव्हा जाहीर केलं होतं. "भाज्या, फळं, डाळी, सगळं वाटून. पावबिव बंद."

आजोबांनी पावसाळे काही कमी पाहिले नव्हते. बोळक्या म्हाताऱ्याला एकट्याला पातळ गिळताना ओशाळं वाटू नये, म्हणून घरादाराने हे सोंग घेतलंय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. एकदा न राहवून ते बोललेही.

"माझ्यापायी सगळ्यांना कशाला उपाशी मारतेस, पोरी?"

"तुमच्यापायी कोण करतंय, बाबा?" सूनबाई म्हणाली. "घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीसाठी आहे हे."

किती सफाईने खोटं बोलली! आजोबांना भरून आलं. आजी गेली तेव्हा त्यांनी अन्नच सोडलं होतं. तेव्हापासून या घरात कुठलीही गोष्ट त्यांच्या कानावर गाळूनच घातली जाई, आणि ते कळूनही न कळल्यासारखं दाखवत. सून लेकीसारखी जपते म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

पण जीव खात होतं ते दुसरंच. एका संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर पावाचा चुरा होता. बेकरीवाल्याच्या मुलाने बाहेर चोरून पाव खायचा! चिऊच्या हातावर त्यांनी एकदा बिस्कीट ठेवलं, तर ती ते मुठीत लपवून गॅलरीत पळाली. "आईसमोर नको, आजोबा," ती कुजबुजली. इतका धाक! सूनबाई स्वतः तर पार चिपाड झाली होती. हिरव्या रसाचा गुण तिला एकटीलाच लागला, अशी थट्टा आजोबांनी केली, तेव्हा ती हसली. बसक्या आवाजातलं हसू. ती शाळेत शिकवायची. सध्या घशाला आराम म्हणून रजेवर होती. वर्गभर पोरांवर ओरडायचं आणि घरी येऊन त्या मिक्सरवर ओरडायचं, घसा बसणार नाही तर काय होणार?

आपल्या दोन ओळी दातांसाठी तीन माणसं वाळून चाललीत, हे आजोबांना सहन होईना. आजवर त्यांनी लोकांची पोटं भरली होती. आता स्वतःच्याच घराच्या तोंडचा घास त्यांनी पळवला होता.

ते कुणाला न सांगता दातांच्या डॉक्टरकडे जाऊन माप देऊन आले. कवळी तयार झाल्याचा निरोप आला, त्या दिवशी मुलगा आणि सूनबाई सकाळीच कुठल्याशा कामाला बाहेर पडले होते. हल्ली त्यांची अशी कामं बरीच निघत. चिऊ शाळेत होती.

नवी कवळी तोंडात बसवून आजोबा घरी आले आणि बाह्या सरसावून कणीक मळायला बसले. हात काही विसरले नव्हते. पीठ फुगेपर्यंत त्यांनी ब्लेंडर स्वच्छ धुतला, पुसला आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला नेऊन दिला. तिचं बाळ नुकतंच खायला लागलं होतं.

"परत नको हो करूस," त्यांनी बजावलं. "आमच्याकडचं त्याचं काम संपलं."

संध्याकाळी घरभर पावाचा वास दरवळत होता. चिऊ गॅलरीत अभ्यास करत होती. दार उघडून मुलगा आत आला. त्याने सूनबाईचा दंड धरला होता. दोघंही उंबऱ्यातच थबकली.

"बसा, बसा! चिऊ, तूही ये!" आजोबांनी पाव मोडला आणि नव्या दातांनी मोठा लचका तोडला. साल कर्रकन वाजली. "पाहिलंत? मला आता दगडसुद्धा चावता येतो. फार केलंत माझ्यासाठी. आता पुरे. तो मिक्सर मी शिंपिणीला देऊन टाकला."

आनंदाने दोघांची वाचा बसली असेल, असं आजोबांना वाटलं. मुलगा हळूच खुर्चीवर टेकला. सूनबाईने पावाचा तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून बराच वेळ त्याचा वास घेतला.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला. तुकडा तिने तसाच ताटलीत ठेवला.

"अगं, खा ना! तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम जास्त कडक भाजलाय."

चिऊ ओट्यावरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत होती. मग ती आजोबांकडे वळली.

"पण आजोबा, आता आई काय खाणार?"