ओहोटीची वाट

इस्रायलमध्ये, अश्दोदच्या किनाऱ्यावर, वाळूतल्या पडक्या किल्ल्यात झिवा फोटो काढत होती आणि तिच्या वडिलांचा, एलोजींचा, जीव थाऱ्यावर नव्हता. झिजल्या बुरुजाला टेकायचे, लगेच उठायचे, समुद्र बघायचे, मग घड्याळ.

"आटप गो! भरती लागली तर अडकू इथेच."

"अजून एकच फोटो," कॅमेऱ्यावरून डोळा न काढता झिवा हिब्रूत म्हणाली. "आणि अब्बा, हे तुझं अलिबाग नाही. इथलं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं."

एलोजी ओशाळले; या देशातलं त्यांचं घर समुद्रापासून लांब, वाळवंटाकडे. अलिबागचा किल्ला भर समुद्रात. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परतायचं. लहानपणी एकदा ते तिथे अडकले, तेव्हा रडणाऱ्या एलोजींना आई म्हणाली होती, "उगी. पाणी उतरलं की वाट उघडते. मग घरी जाऊ."

"म्हणजे इथे ओहोटीसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही ना! बस आता निवांत."

एलोजी बसले नाहीत. अलिबाग सोडून इथे बोटीतून उतरल्यापासून इतकी वर्षं ते त्या ओहोटीच्याच भरवशावर या देशात थांबले होते.