बाबांचा अंगठा

"बाबा, अंगठा नीट दाबा. सही नकोय, नुसता अंगठा."

"आम्हा अडाण्यांना तेच तर येतं," बाबा म्हणाले आणि काचेवर अंगठा टेकवला.

प्रयोगशाळेतलं नवं यंत्र दाखवायला लेकीने आईबाबांना कौतुकाने बोलावलं होतं. काचेवर लेसरचा झोत सोडला, की हाताला काय काय चिकटलंय ते पडद्यावर उमटे. मग ते साबण असो की स्फोटक. आईच्या काचेवर लसूण आणि हाताचं क्रीम निघालं होतं. "लपवायचंय काय त्यात!" म्हणत आई पाणी प्यायला बाहेर गेली.

बाबांच्या काचेवर आधी दुधातली साखर आली. चहाचा कप धरला असेल, लेक मनाशी म्हणाली. मग लाल अक्षरं आली: नायट्रोग्लिसरीन.

हेच सुरुंगात असतं, हे लहानपणी तिला बाबांनीच शिकवलं होतं. तीस वर्षं ते दगडखाणीत सुरुंग लावत. दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला होता: पुन्हा खाणीत पाऊल टाकणार नाही.

"बाबा, खाणीवर जाताय ना?"

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग दाराकडे बघितलं.

"जातो. नव्या माणसांना शिकवायला. अधूनमधून."

"आणि मला दिलेला शब्द?"

"मोडला. चुकलंच. आईला मात्र सांगू नकोस, धसका घेईल ती."

लेकीने मग त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. जित्याची खोड, हट्टीपणा, उरलेली आठ बोटं, काही सोडलं नाही. बाबांनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

"झालं असेल तर चहा पाज," ते म्हणाले. तिलाही हसू आलं. या माणसावर तिचा राग कधी टिकलाच नव्हता. तिने त्यांना घट्ट मिठी मारली.

"आजपासून बंद."

"बंद."

निघताना तिने त्यांचा कोट खुंटीवरून काढला. खिशात काहीतरी खुळखुळलं. खाणीतलंच काही असणार, म्हणून तिने हात घातला.

तपकिरी बाटली निघाली, अर्धी रिकामी. लेबलवर पडद्यावरचंच नाव होतं, आणि खाली पेनाने लिहिलं होतं: 'छातीत कळ आल्यास एक गोळी जिभेखाली.'