बाळंतिणीची खोली

दाराला कडुनिंबाचा डहाळा टांगलेला दिसला आणि अंबिकाच्या कंपनीच्या ऑफिसातला गोकुळ उंबऱ्याबाहेरच थबकला. त्याच्या घराला गेल्या महिन्यापर्यंत असाच डहाळा होता.

"पाय धुवा आधी. बादली तिथंच हाय," आतून पुतळाबाई म्हणाली. "अन् आत यायचं नाय. बाळंतीण हाय घरात."

गोकुळनं पाय धुतले, हातातला कागद बघितला, मग दारावरचा नंबर. घर तर बरोबर होतं. "मावशी, मी अंबिकाच्या कामासाठी आलो होतो."

"मंग मी दुसऱ्या कोनाचं सांगू राहिले?"

बजाजनगरातल्या त्या एका खोलीत अंबिका कानाला फडकं बांधून पडली होती. मुलगा म्हणून जन्मली, मनानं कायमच पोरगी, आणि तिशी ओलांडल्यावर मागच्या आठवड्यात ऑपरेशन करून अंगानंही बाई झाली. डॉक्टरांचं निम्मं बोलणं पुतळाबाईच्या डोक्यावरून गेलं. कुठं कापलं आणि कुठं शिवलं, तेवढं कळलं. तेवढं पुरे होतं. तिथं टाके पडलेल्या बाईचं काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. देवगावात तिनं सुनांची, भाच्यांची, अगदी भांडलेल्या जावेचीही बाळंतपणं काढली होती. इथं लेकीकडं आल्याआल्या तिनं डहाळा टांगला, ओवा-शेपाची धुरी केली, डिंक तळला. वरच्या मजल्यावरच्या रईसानं काही न विचारता बाळंतिणीला देतात त्या हरीऱ्याचा डबा धाडला.

"कानाचा काय संबंध, आई?" फडकं बांधताना अंबिकानं विचारलं होतं.

"वारं कानातूनच शिरतं. तुझ्या डाक्टरला ठाव नसंल."

गोकुळनं कागद पुढं केला. "नुसती सही पाहिजे होती. स्वतःहून नोकरी सोडतेय म्हणून. रजा मंजूर नाही झाली. आणि ऑपरेशन विम्यात बसत नाही. हौसेचं धरतात ते."

"हौसेचं?" पुतळाबाईनं स्टूल ओढलं आणि दार अडवून बसली. "मागल्या साली माझा गुडघा बदलला, तिच्याच विम्यावर. तवा कोनी म्हनलं नाय, म्हातारीला नाचायची हौस आली म्हून. हप्ता तिच्या पगारातून कापता, अन् तिचंच अंग विम्यात बसत नाय व्हय?"

आतून हसू फुटलं, आणि पाठोपाठ कण्हणं.

"हसू नगं गं, टाके उसवतील!" मागं न बघता पुतळाबाई ओरडली.

"मावशी, मी नोकर माणूस. वरून जे येतं ते..."

"वरून गारा बी येत्यात. म्हून मेंढरं उघड्यावर सोडतो का आपुन?" तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "डहाळा बघून थांबलास. घरी कोन हाय बाळंतीण?"

"बायको. मुलगी झाली." सांगताना त्याचा चेहरा उजळला.

"टाके पडले?"

"पडले ना."

"मंग तिची बी नोकरी गेली असंल."

"छे! तिला तर सहा महिन्यांची पगारी..." गोकुळ आपल्या ओल्या पायांकडं बघू लागला.

पुतळाबाई उठली. डब्यातून डिंकाचे लाडू काढले. इकडंतिकडं बघितलं, मग त्याच्या हातातला कागदच घेतला, त्यात लाडू बांधले आणि पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"बायकोला दे. रोज एक. तू खाऊ नगं."

कागदावर तूप उमटायला लागलं होतं. गोकुळनं पुडी दोन्ही हातांनी धरली. "मावशी, पण वर काय सांगू?"

"सांग, सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण भाईर निघत नाय. मंग येईल ती, कामावर. अन् कोनी गेटावर अडवलं, तर देवगावची समदी मेंढरं आनून तिथं बसवीन."

तो जिना उतरून गेला. अंबिका छताकडं बघत होती.

"काढतील गं मला, आई."

पुतळाबाई शेगडीकडं वळली. ते तिलाही दिसत होतं. तिनं तव्याच्या बुडाला बोट लावलं आणि लेकीच्या गालावर ठसठशीत काळी तीट लावली.

"आता हे काय? मी बाळंतीण का बाळ, ते तरी ठरव एकदा."

पुतळाबाईनं घोंगडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली.

"गप पड. दोघींला बी झोप लागू दे."