काळजी नसलेलं घर

सकाळपासून जिने चढून पाहणीवाल्या ताईंच्या पायांचे तुकडे पडायला आले होते. शेवटच्या दारात उभं राहून त्यांनी मोबाइलवरचा पहिला प्रश्न वाचला, "घरातलं अन्न संपेल, अशी काळजी या महिन्यात कधी वाटली?"

"नाही हो ताई," घरातली बाई म्हणाली.

'नाही' दाबल्याबरोबर पुढचे सगळे प्रश्न आपोआप गळाले आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'अन्नसुरक्षित घर'. ताईंना हायसं वाटलं.

"सुखी आहात हो वहिनी," चपला सरकवत त्या हसल्या. "आमच्याकडे तर वीस तारखेपासूनच डबे वाजायला लागतात. नुसता घोर!"

 

"आमचं पीठ गेल्या महिन्यातच संपलं, ताई. काळजी होती ती तोवरच."