शून्य आलेली टोपली

हे मी लिहिणारच नव्हतो. पण फोनवरचं ते शून्य आठवलं की अजून हसू आवरत नाही.

धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं. एदिनाल्दोने फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरातल्या विद्यापीठातली डॉक्टर जुसिलेदी. आमच्या असाईच्या, म्हणजे ताडासारख्या झाडावरच्या जांभळ्या, बोराएवढ्या फळात अँटिऑक्सिडंट किती, हे ती तपासत होती. आकडा चांगला आला, तर शहरातली कंपनी थेट आमच्याकडून फळ घेणार. मधला दलाल कटाप. चाळीस घरांचा प्रश्न होता. नमुन्याची टोपली एदिनाल्दोने स्वतः झाडावर चढून तोडली, स्वतः बर्फात भरली, स्वतः होडीवर चढवली. कुणाला हात लावू दिला नाही.

"शून्य," डॉक्टर म्हणाली.

"शून्याच्या आधी किती?" एदिनाल्दोने विचारलं.

"आधी काही नाही. नुसतं शून्य. मी मोजते ते द्रव्य जांभळ्या रंगात असतं, बाबा. तुझ्या टोपलीत जांभळं फळ एकही नव्हतं. पांढरी असाई पाठवलीस तू?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पांढरी म्हणजे पिकली तरी हिरवीच राहणारी. शेकडो झाडांत एखादं झाड तिचं. ती आम्ही विकत नाही. घरी कुणी मानाचं माणूस आलं, तरच काढतो.

"तुम्हीच म्हणालात, सगळ्यात चांगली पाठव," तो म्हणाला. "मग विकायची कशी पाठवू?"

ओर्लांदिना मावशी मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती.

"चाळीस घरांची परीक्षा," ती म्हणाली, "आणि हा मेला पाहुणचार करून आला."

एदिनाल्दोचा चेहरा पडला.

"डॉक्टर, आहात ना?"

"आहे. उरलेली आम्ही लॅबमध्येच कुटून प्यायलो. नियमात बसत नाही, कुठे बोलू नकोस. माझी आजी गेल्यापासून ती चव मिळाली नव्हती." मग म्हणाली, "आता ऐक. जरा कमी चांगली पाठव."

कमी चांगली गेली. चार दिवसांनी आकडा आला, तपासलेल्या सगळ्या बेटांत वरचा. धक्क्यावर असा नाच झाला की दोघं नदीत पडले. त्यातल्या एकाला मावशीने ढकललं होतं.

कंपनीचा माणूस सही घ्यायला आला. कागद चाळताना एका ओळीवर थांबला.

"ही पांढरी काय भानगड आहे?"

"शून्य आहे, साहेब," एदिनाल्दो गरीब चेहऱ्याने म्हणाला. "तुमच्याच कागदावर आहे बघा."

साहेबाने खरेदीच्या यादीतून ती ओळ खोडली. एदिनाल्दो लगेच पाठ फिरवून नदीकडे बघायला लागला. हसू दाबताना त्याचे खांदे गदगदत होते.

होडी दिसेनाशी झाल्यावर तो माझ्याकडे आला. हातात दोन वाडगे, पांढऱ्या असाईचे, सोबत कसावा या कंदाचं भरड पीठ आणि तळलेला मासा.

"जांभळी औषधी निघाली आणि आपल्याच ताटातून महाग होऊन गेली," तो म्हणाला. "हिचं शून्य तसंच राहू दे. तू काहीबाही लिहीत असतोस, म्हणून सांगतो."

लिहीन, पण आपलं बेट कुठलं हे कुणालाही सांगणार नाही, असा शब्द मी त्याला दिला.